निमुळत्या नळीचं दुसरं तोंड

आईला नावं ठेवायची भारी हौस, पण नावाने हाक मारायचा कंटाळा. म्हणून तिच्या दोन्ही मुली जन्मापासून थोरली आणि धाकटी. शाळेत, कामावर, दुकानात त्यांना दुसरी नावं होती, असणारच; पण घरात ती कधी चालली नाहीत, आणि आपलंही त्यांच्यावाचून काही अडणार नाही.

थोरली वेव्हगाइड बनवण्याच्या कारखान्यात होती. वेव्हगाइड म्हणजे पितळेची चौकोनी पोकळ नळी. घरात नळीतून पाणी खेळवतात, तशी हिच्यातून मायक्रोवेव्हची लाट खेळवायची, एवढंच. पण ही लाट भारी मानी. एका मापाच्या नळीतून निघून अचानक दुसऱ्या मापात शिरली की ती ठेचकाळते, आणि ठेचकाळली की निम्मीअर्धी तिथूनच मागे फिरते. अशी रुसून परत आलेली लाट कुणाच्या कामाची नाही. उलट ज्या यंत्रातून निघाली त्यालाच भाजून काढते. म्हणून दोन नळ्यांच्या मधे एक निमुळती नळी घालायची, हळूहळू रुंदावत जाणारी, म्हणजे बाईसाहेबांना कळतच नाही आपण या घरातून त्या घरात कधी आलो. थोरली हे कुणालाही समजावून सांगायची. विचारलं नसलं तरी सांगायची. "अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटतं आणि ती नसते, तेव्हा कसं काळीज हलतं? लाटेचं तसं होऊ द्यायचं नाही. पायरी नको, उतार हवा." लाटेतलं किती परत आलं ते पडद्यावर हिरव्या रेघेत दिसायचं. रेघ जितकी खाली, तितकं परत येणं कमी, आणि तितकी थोरली खूश.

तिने आखायचं आणि काटकोनाने कापायचं, अशी जोडी होती. काटकोन हा तिथला फिटर. त्याचे सगळे सांधे नव्वद अंशात आणि सगळी मतंही नव्वद अंशात, म्हणून हे नाव. आयुष्यभर त्याला निमुळत्या नळ्याच घासाव्या लागल्या, यावरून सगळे त्याला चिडवत, आणि तो चिडे.

त्या कारखान्यात एक पद्धत होती. नवी नळी तयार झाली की पहिल्यांदा तिच्या तोंडासमोर आपला तळहात धरायचा. तपासणीची लाट इतकी क्षीण असते की मुंगीसुद्धा भाजणार नाही. हात धरला की लाट हातावर आपटून परत यायची आणि रेघेवर एक टेकडी उठायची. प्रत्येकाची टेकडी वेगळी. काटकोनाची रुंद आणि बसकी, थोरलीची उंच आणि टोकदार. याला ते लोक "हात दाखवणं" म्हणत. "हात दाखवून अवलक्षण," असं काटकोन प्रत्येक वेळी म्हणे, आणि या विनोदावर हसणारा तो एकटाच असे. आणखी एक नियम होता: नळी जर माणसाच्या अंगाला लावायची असेल, तर निदान तिघांच्या अंगावर लावून बघायची. म्हणजे ती कुणा एकाच्याच वळणावर जात नाही. हा नियम कुणी घातला, कशासाठी घातला, कुणाला ठाऊक नव्हतं. जुन्या कामाच्या जागी असे नियम असतातच.

आणि मग धाकटीच्या खांद्यात गाठ निघाली.

उजव्या खांद्यात, खोल. धाकटी दुकानांच्या पाट्या रंगवायची. शिडीवर चढून, एका हातात डबा, दुसऱ्यात ब्रश, आणि अक्षर असं की माणसाने दुकानात काही घ्यायचं नसलं तरी पाटीसाठी थांबावं. डॉक्टरांनी सरळच सांगितलं. गाठीला मायक्रोवेव्हचा शेक द्यायचा, ती आक्रसली तर हात राहील. नाही आक्रसली तर हात खांद्यापासून काढावा लागेल, आणि त्यालाही फार उशीर करून चालणार नाही. शेकाचं यंत्र हॉस्पिटलात होतं. पण त्याचं तोंड कुचकामी. लाट कातडीवर आपटायची आणि परत फिरायची. कातडी लाल व्हायची, गाठ आत गार. "पालथ्या घड्यावर पाणी," डॉक्टर म्हणाले.

"तोंड मी करून देते," थोरली म्हणाली. तिने साहेबांना विचारलं नाही, कुणालाच विचारलं नाही.

काम अवघड होतं, पण तिच्याच हातचं होतं. नळीच्या पोटात चिनी मातीची एक पाचर बसवायची. सुरुवातीला सुईच्या टोकाइतकी, मग वाढत वाढत शेवटी नळीभर. हवेतून निघालेली लाट नकळत मातीत, आणि मातीतून नकळत मांसात. पाचरीचा आकार गणिताने काढता येतो, अगदी शेवटच्या वितीपर्यंत. शेवटची वीत मात्र गणिताच्या बापाला येत नाही, कारण तिथे माणूस सुरू होतो. त्यासाठी एक जेली असते, मांसासारखी वागणारी. पण ती वाळते, तडकते, आणि तिच्यावर जुळवलेली नळी खऱ्या अंगावर नेली की नखरे करते. थोरलीने दोनदा जेलीवर जुळवून पाहिलं आणि दोनदा जेली केराच्या डब्यात फेकली.

मग तिने स्वतःचा खांदा लावला.

यात तिचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दोघी बहिणी एका मापाच्या. एकीचे कपडे दुसरीला घातले तर आईसुद्धा पाठमोरी ओळखताना चुकायची. धाकटीला रोज कारखान्यात आणून बसवणं शक्य नव्हतं. आपला खांदा म्हणजे तिचाच खांदा, असा थोरलीने हिशेब केला. काटकोन एकदा म्हणाला, "ताई, तिघांचं काय? मी लावतो की माझा."

"तुमचा खांदा म्हणजे दाराची चौकट. तिच्याशी जुळवून माझ्या बहिणीच्या काय उपयोगाचं? नियम गेला खड्ड्यात."

काटकोनाने कानस उचलली. तपासणीच्या खोलीत पडदा ओढून थोरली बसायची, खांद्याला नळीचं तोंड टेकवायची, रेघ बघायची आणि पडद्याआडून सांगायची: डावीकडे केसभर घासा, आता थांबा, आता टोकाला जरासं. दिवसचे दिवस हेच. रेघ एकेक पायरी उतरत होती. कधी कधी तिला वाटायचं, नळीचं ते गार तोंड आता गार लागत नाही. पण दिवसभर टेकवून ठेवलेलं पितळ कोमट होणारच, त्यात काय मोठंसं.

शेवटी एका दुपारी रेघ तळाला गेली. यंत्राला याहून खाली दिसतच नाही अशा तळाला. काहीही परत येत नव्हतं. थोरलीने आयुष्यात इतकी सपाट रेघ पाहिली नव्हती. ती पडद्याआड बसून रडली, मग तोंड धुऊन बाहेर आली आणि काटकोनाला म्हणाली, "झालं."

पहिला शेक छान झाला. हॉस्पिटलच्या तळमजल्यावरची ती खोली, पांढरी, फरशीची. धाकटी कुशीवर झोपलेली, खांद्याला थोरलीची नळी. थोरली शेजारच्या स्टुलावर. डॉक्टर आकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सगळी उष्णता आत जातेय. कातडी बघा, गार आहे."

"आमची थोरली लहानपणापासून अशीच," धाकटी म्हणाली. "कुठेही शिरते आणि कळू देत नाही."

औषधं आणायला थोरली एकटी बाहेर निघाली, तर दार उघडेना. हॉस्पिटलचं काचेचं दार, आपोआप सरकणारं. अशा दारांच्या माथ्यावर एक छोटासा भोंगा असतो; तो लाट सोडतो, पुढ्यात माणूस आला की लाट त्याच्यावरून परत येते, आणि दार सरकतं. थोरलीला हे कुणी सांगायला नको होतं. ती पुढे झाली, मागे झाली, वेड्यासारखे हात हलवले. दार ढिम्म. इतक्यात मागून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले, दार सरकलं, आणि ते थोरलीच्या अंगावरूनच गेल्यासारखे निघून गेले. सॉरी नाही, काही नाही. घरी येऊन तिने हे हसत सांगितलं. "आता दारालासुद्धा माझी किंमत नाही." धाकटी हसली. आई हसली नाही. ती चहा गाळत होती, आणि तिने दोनच कप काढले होते.

"आई, माझा?"

आईने वर बघितलं. क्षणभर तिचे डोळे थोरलीच्या तोंडावर ठरेनात. "अगबाई, तू कधी आलीस?" ती म्हणाली, आणि तिसरा कप काढला.

दोन शेकांच्या मधे नळी तपासणीसाठी कारखान्यात यायची. पहिल्या शेकानंतर थोरलीने ती खांद्याला लावली तेव्हा तिला एक गोष्ट खटकली. रेघ आणखी खाली होती. नळीला कुणी हात लावला नव्हता, कानस लागली नव्हती, आणि रेघ मात्र तळाच्याही खाली कुठेतरी रुतल्यासारखी. चांगलंच आहे, तिने मनाशी म्हटलं. माणूस स्वतःची समजूत काढायला बसला की त्याच्याइतका हुशार कोणी नाही.

दुसऱ्या शेकाला जाताना त्या तळमजल्यावरच्या बोळातून दोघी चालत होत्या. बोळ लांब, भिंतींना फरशी, त्यामुळे पावलाचा आवाज घुमायचा. धाकटीच्या चपलांचा चटक-चटक आवाज पुढे जायचा आणि भिंतीवरून परत यायचा. थोरलीने कान दिला. तिच्याही चपला वाजत होत्या, तिच्या पायाखाली ऐकू येत होत्या. पण भिंतीवरून परत येत होत्या त्या एकट्या धाकटीच्याच. ती थांबली. धाकटीचा आवाज चालत राहिला. मग थोरलीने जोरात पाय आपटला. आवाज झाला आणि जिथल्या तिथे विझला. ती धावत जाऊन धाकटीच्या जवळ झाली आणि तिचा हात घट्ट धरला.

"काय गं, मी काय पळून चाललेय?" धाकटी म्हणाली.

त्या शेकाने गाठ जवळजवळ निम्मी झाली. डॉक्टरांनी हातानेच चाचपून सांगितलं, आणि धाकटीने आनंदाने नर्सच्या गालाला हात लावला. थोरली पूर्ण वेळ स्टुलावर बसून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी केस विंचरता विंचरता तिला म्हणाली, "काल का आली नाहीस गं? एवढी चांगली बातमी, आणि ऐकायला कुणी नाही."

थोरली तशीच उठून कारखान्यात गेली.

कोपऱ्यातल्या फडताळात एक जुना भोंगा होता, धूळ बसलेला, कुठल्यातरी जुन्या कामाचा. तिच्या नळीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तिने तो यंत्राला जोडला, रेघ सरळ करून घेतली आणि तोंडासमोर हात धरला. टेकडी उठली नाही. तिने हात जवळ नेला, पार तोंडावर दाबला. रेघ सपाट. जणू तिथे हवाच होती.

"काटकोन," तिने हाक मारली. तीन वेळा मारावी लागली, आणि तो चार हातांवर उभा होता. "इकडे या. हात दाखवा."

त्याने हात धरला. रुंद, बसकी टेकडी. त्याने काढला, तिने धरला. सपाट. तो रेघेकडे बघत राहिला, मग तिच्या हाताकडे, मग परत रेघेकडे. या वेळी त्याने अवलक्षणाचा विनोद केला नाही. त्याने सावकाश आपले दोन्ही हात खिशात घातले. मग ते आपण खिशात घातलेत हे त्याच्या लक्षात आलं, तो शरमला, आणि त्याने ते बाहेर काढले.

"ताई," तो म्हणाला, "हे काय आहे?"

थोरलीला कळलं होतं. या धंद्यात पहिल्याच वर्षी शिकवतात ते: अशी नळी दोन्ही बाजूंनी सारखीच असते. इकडून तिकडे जितक्या सहज जातं, तितक्याच सहज तिकडून इकडे येतं. एका तोंडाला जुळवलं म्हणजे दुसऱ्यालाही जुळलंच. आपण नळी आपल्या खांद्याला जुळवतोय अशा समजुतीत ती दिवसचे दिवस पडद्याआड बसली होती, आणि तितकेच दिवस नळी तिला जुळवून घेत होती. कशाला? नळीच्या त्या टोकाला जे काही होतं त्याला. हवेला. रिकाम्या जागेला. तिच्यात आणि रिकाम्या जागेत आता पायरी उरली नव्हती, म्हणून तिच्यावर काही आपटत नव्हतं. लाट नाही, आवाज नाही, नजर नाही. आणि धाकटीच्या खांद्यातून गाठ जसजशी विरत होती, तसतसा हा उतार आणखी गुळगुळीत होत होता.

थोरलीला भीती वाटली. मरणाची भीती वेगळी. त्यात निदान चार माणसं रडतात. ही भीती तिला नवी होती. तिने टेबलाची कड धरली आणि ती धरलेली आपली बोटं बराच वेळ बघत बसली.

"पायरी करा," ती शेवटी म्हणाली. "नळीत एक भोक पाडा आणि तांब्याचा स्क्रू बसवा. पाचरीच्या मध्यावर. लाट ठेचकाळली पाहिजे."

"सगळी जुळणी बिघडेल ताई."

"बिघडू द्या."

काटकोनाने आयुष्यात इतक्या वेगाने भोक पाडलं नसेल. स्क्रू आत गेला. थोरलीने फडताळातल्या भोंग्यासमोर हात धरला, आणि रेघ हलली. बुटकी, केविलवाणी, पण टेकडी. टोकदार. तिचीच. काटकोनाने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. त्या संध्याकाळी हॉस्पिटलचं दार तिच्यासाठी सरकलं. घरी आईने तिला दारातच गाठून असं झापलं म्हणता, उशीर किती, फोन नाही, घर आहे की धर्मशाळा. थोरली उभी राहून ते सगळं ऐकत होती आणि तिला इतका आनंद झाला होता की आईला वाटलं हिला ताप आलाय. रात्रीच्या जेवणाला तीन ताटं होती. तिने ती मोजली नाही, नुसती बघितली, आणि भरपूर जेवली.

तिसरा शेक वाया गेला.

वाया गेला म्हणजे त्याहून वाईट झालं. लाट स्क्रूला अडखळली, निम्मी मागे फिरली, यंत्र तापून दोनदा बंद पडलं. उरलेली कातडीवरच सांडली. धाकटीच्या खांद्यावर तळहाताएवढा फोड आला. डॉक्टरांनी आकडे बघितले आणि ते थोरलीकडे वळले. त्यांना ती त्या दिवशी स्पष्ट दिसत होती.

"काय बदललंत तुम्ही?"

"काही नाही," थोरली म्हणाली.

"मग जे होतं ते परत आणा. गाठ आता अशा टप्प्यावर आहे की एक शेक नीट बसला तर संपली. नाही बसला तर ती पुन्हा धरेल, आणि मग मी हाताचं काही बोलू शकत नाही. आजच्या आज झालं तर उत्तम. दुपारी यंत्र मोकळं आहे."

ते गेले. धाकटी कॉटवर बसून होती, फोडाला फुंकर घालता येत नाही म्हणून मान वाकडी करत. तिला रडताना थोरलीने लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. आताही ती आवाज न करता रडत होती, आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती. थोरलीने नीट बघितलं. ती बोटाने अक्षरं काढत होती. वळणं, मात्रा, उकार. हात आहे तोवर काढून घ्यावीत अशी.

दुसरा काही उपाय नव्हता का? थोरलीने तोही विचार केला, उभ्या उभ्या, एका श्वासात. पाचर नव्याने घासून धाकटीच्याच खांद्याशी जुळवायची? म्हणजे मग तिचीच रेघ सपाट व्हायची. काटकोनाशी जुळवायची? तो आला असता, खिशातून हात काढून आला असता. आणि त्याच्या घरी त्याची वाट बघणारी माणसं होती. जेलीवर पुन्हा सुरुवात? जेली म्हणजे कुणीच नव्हे, आणि कुणीच नसलेल्याशी जुळवलं की अर्धं परतच येतं. हे तिने दोनदा बघितलं होतं. नियमाप्रमाणे तिघांवर? त्याला दिवसचे दिवस लागले असते, आणि डॉक्टर आजच्या आज म्हणाले होते.

ती धाकटीशेजारी बसली. "एक विचारू? मला विसरशील का गं तू?"

धाकटीने नाक पुसलं. "माझे दोन स्वेटर आहेत तुझ्याकडे. ते परत मिळेपर्यंत तरी नाही."

"खरं सांग."

"काय झालंय तुला? हात माझा जायचाय की डोकं तुझं?" मग तिने थोरलीच्या खांद्यावर डोकं टेकलं, जो खांदा नळीला लावून लावून गुळगुळीत झाला होता त्यावर. "तू नसतीस तर मी हे केलंच नसतं. मी आपली म्हटलं असतं, काढा हात. मला फार भीती वाटते गं, थोरले."

"मलाही वाटते," थोरली म्हणाली. हे तिने अगदी खरं सांगितलं. आणि बराच वेळ ती तशीच बसून राहिली, कारण धाकटीच्या डोक्याचं वजन खांद्यावर लागत होतं, आणि लागत होतं तोवर उठायची तिला इच्छा नव्हती.

मग उठली. नळी ठेवली होती त्या टेबलाशी गेली, खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि तांब्याचा स्क्रू उलटा फिरवू लागली. तो सहज निघाला. भोकावर तिने धातूची पट्टी चिकटवली आणि नखाने घासून घासून ती इतकी सपाट केली की हात फिरवला तर लागू नये. आपल्या कामात खोट राहिलेली तिला कधी खपली नव्हती. आताही खपली नाही.

दुपारचा शेक सुरू झाला. थोरली स्टुलावर बसली. डॉक्टर आकडे वाचत होते, नर्स लिहीत होती. यंत्राची बारीक घरघर सोडली तर खोलीत आवाज नव्हता. परत येणाऱ्या लाटेचा आकडा उतरत होता. थोरलीला दुखलं नाही. काही झालंच नाही म्हणा ना. फक्त एकदा नर्सला हातातला ट्रे टेकवायला जागा हवी होती, आणि तिने मागे न बघता तो स्टुलावर ठेवला. तो ठेवायच्या आत थोरली उठली म्हणून बरं. मग ती भिंतीशी उभी राहिली. ती धाकटीकडे बघत होती आणि मधून मधून तिला हलकेच म्हणत होती, झालं हं, झालंच आता. धाकटी तिकडे न बघता छताकडे बघत होती. तिचं कपाळ शांत होतं.

"संपलं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी खांदा चाचपला, पुन्हा चाचपला, यंत्रावर पाहिलं, आणि हसले. "हात तुमचाच. महिन्याभरात शिडीवर चढा."

धाकटी उठून बसली. हसत होती, रडत होती, दोन्ही. थोरलीही. ती पुढे झाली आणि तिने बहिणीच्या केसांवरून हात फिरवला. धाकटीने वाऱ्याने उडाल्यासारखी ती बट मागे सारली.

नर्सने कागद पुढे ओढला. "घरी सोडायचं म्हणून विचारते. थोडे दिवस जड उचलायचं नाही. घरी कोण कोण आहे मदतीला?"

"आई आहे," धाकटी म्हणाली. "आई आणि मी. दोघीच आम्ही, पहिल्यापासून."

ती हे आठवावं लागल्यासारखं बोलली नाही. कुठे थांबली नाही, कुठे तिचा आवाज हलला नाही. थोरली तिच्या तोंडाकडे बघत होती, कुठे काही आपटतंय का ते शोधत होती. आयुष्यभर तिने तेच शोधलं होतं. काही नव्हतं.

धाकटीने स्वेटर घेतला. डावा हात घातला. उजव्या बाहीशी तिची नेहमी फजिती व्हायची, खांदा वळत नसे. इतके दिवस ती बाही थोरली धरायची, मागून, नीट तोंड उघडून. थोरलीने आताही धरली. धाकटीचा हात आत शिरला आणि न अडकता, न दुखता, सरळ खाली बोटांपर्यंत आला.

"बघा," धाकटी नर्सला म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "आता माझं मला घालता येतं."